कै. नंतरची जागा

टिंब दिसलं की मशीन जरा लांब जागा सोडतं.
वाक्य संपलं, असं धरून चालतं.
त्याचा तरी काय दोष?
इंग्रजीत लहान-मोठ्या अक्षरांवरून काही अंदाज बांधता येतो,
आपली सगळी एका रेघेला लटकलेली, एका उंचीची.
म्हणून ते चि. पाशी थांबतं, सौ. पाशी थांबतं,
मु. पो. कवठेपिरान, ता. मिरज, जि. सांगली
एवढ्याशा पत्त्यात चार वेळा संपतं.

खणभागात खिळे जुळवायचो तेव्हा
ज्ञानूअण्णा जागासुद्धा हातानं बसवायचे.
जागा म्हणजे शिशाचा बुटका खिळा,
शाई न लागणारा.
कागदावर दिसायचा नाही,
फॉर्म उचलताना मनगटाला कळायचा.
वाक्यानंतर जाड, स्वल्पविरामानंतर मधला,
आणि चि., सौ., कै. नंतर सगळ्यात बारीक, नखानं सरकवून.
"ह्ये टिंब थांबायचं न्हवं, पोरी,
ह्यानं पुढच्याचं बोट धरायचं."

पुरानंतर केसांमधला चिखल धुऊन
खिळे भंगारात किलोवर घातले.
रिकामे खिळेही त्याच भावानं गेले.
मग अण्णा माझ्या मागं स्टुलावर बसायला लागले,
पडद्याकडं बघत:
"मागं घे. आजून. हां, बास."

आज त्यांचा नातू कागद घेऊन आला.
कै. ज्ञानू धोंडी कोष्टी यांचे उत्तरकार्य
रविवारी सकाळी आठ वाजता, माई घाट.
टाइप केलं.
कै. नंतर मशीननं ऐसपैस जागा सोडली,
सांगायचं होतं ते सांगून झाल्यासारखी.
वर ओळही तिथंच तुटली,
कै. एकटं वरती, नाव खाली.

न तुटणारी जागा दिली, नाव वर आलं.
मागं घेतलं. अजून.
बास म्हणायला कुणी नव्हतं,
टिंब ज्ञ ला जाऊन टेकलं.
परत एक घर सैल केलं. परत अर्धं आवळलं.
नातू म्हणाला, "काय चुकलंय का?"
"पत्ता वाचून घे," म्हटलं.

घाटाच्या पुढं शेवटचं टिंब.
त्याच्यानंतर काहीच नाही,
तिथं किती सोडायचं ते मशीनही बघत नाही.

प्रिंट काढून स्टुलावर ठेवायला गेले,
तर त्याच्यावर कागदाची रिमं.
नातू दारातून वळला,
"शंभर नको ताई, दीडशे काढा."