सव्वातीनशे किलो

आफरीनच्या आईने कागद माझ्या हातात दिला,
"काका, तुम्ही छापखान्यातले. वाचा."
कागद इंग्रजीत. त्यात कामाचा आकडा एकच:
अठ्ठावीस.
डॉक्टरीणबाईंनी त्याच्याभोवती निळ्या पेनाने गोल केलेला,
आम्ही प्रुफात चूक दाखवायला करायचो तसा.

"किती पाहिजे?"
मी म्हटलं, शून्य.
"म्हणजे हे जास्त की कमी?"

खेतवाडीत छत्तीस वर्षं खिळे जुळवले मी.
वेलांटीचा खण वेगळा, रफाराचा वेगळा,
बोटं आपोआप जायची
अंधारात पाय चपलेकडे जातात तशी.
मालक संध्याकाळी गुळाचा खडा द्यायचा.
गुळाने शिसं उतरतं, असा समज.
नाना पेडणेकरच्या हिरडीवर निळी रेघ आली,
मग उजवं मनगट लोंबायला लागलं.
मालकाने त्याला दारावर स्टूल दिलं.
तो सलाम करायचा डाव्या हाताने.

चौऱ्याण्णव साली ऑफसेटने आम्हाला बसवलं.
थकलेल्या पगाराच्या बदल्यात
मालक म्हणाला, टाइप घेऊन जा.
टेम्पो केला. आणून विकला इथेच, जरीमरीत,
आमच्या गल्लीच्या तोंडाशी,
युसूफशेठच्या बॅटरीच्या भट्टीवर.
सव्वातीनशे किलो.
काट्यावर क आणि ज्ञ यांचा भाव सारखा.
त्या पैशांत थोरलीचं लग्न झालं, वरचा पत्रा बदलला.

कढईत टाकताना मी उभा होतो.
आधी कडा मऊ झाल्या,
मग कोणतं अक्षर कोणतं ते कळेना,
मग वर करडी साय धरली.
तोंडाला गोडसर चव आली.
रुमाल लावला नाही. इतक्या वर्षांची ओळख.

भट्टी बंद झाली तेव्हा आफरीन जन्मलीही नव्हती.
आता तिथे पत्र्याचं कुंपण, टॉवरचं चित्र,
चित्रात कारंजं.
पत्र्याच्या फटीतून पोरं आत जातात.
माती मऊ आहे, भातुकलीची भांडी छान होतात.
मध्ये कॉलेजची दोन मुलं येऊन
ती माती डब्यांत भरून घेऊन गेली.
डब्यांवर तारीख घातली शिसपेन्सिलीने.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
ते सगळं इकडे.

गेल्या वर्षी ही नाव लिहायची.
आता पोट दुखतं म्हणते, चावते,
पहिला तास संपेपर्यंत पहिली ओळ विसरते.
आईने वही पुढे केली.
पानभर अक्षरं उलटी, आरशातली,
प्रत्येकावर बाईंची लाल फुली.
मी वाचत गेलो, न अडखळता:
घर. घरात पाणी. पाणी भर.
"तुम्हाला येतं हे?" तिची आई बघत राहिली.

येतं.
एवढंच म्हणालो.
त्या गोलातल्या अठ्ठावीसमध्ये
शेठचं किती, बॅटऱ्यांचं किती,
माझ्या वेलांट्यांचं किती,
हे कोण तोलून देणार?
अक्षर ऐकलं म्हणून कानात शिसं ओतायचे म्हणे पूर्वी.
इथे कोणी ओतलं नाही,
कोणाचा रागही नव्हता कोणावर.
मला तर पावती मिळाली, पक्की.

कागदाच्या मागे मराठीत लिहिलंय:
हात धुवा. दूध द्या. जागा बदला.
तिसऱ्याला तिची आई हसली.

पाणी पावणेपाचला येतं, वीस मिनिटं.
मी तिच्या दारात तांब्या घेऊन बसतो.
एकेक नख, जुन्या टूथब्रशने.
अंगठ्याच्या कोपऱ्यात करडी रेघ राहतेच.
ती हात ओढून घेते, पळायला बघते.
थांब गं, म्हणतो,
डावा राहिला.