मानस

चोडणच्या धक्क्यावर उतरून डावीकडे चालत गेलं
की खाजनाच्या बांधात एक लाकडी दार लागतं.
इकडे त्याला मानस म्हणतात.
पंचवीस वर्षं पाली शिकवून
हा शब्द मला शेवटी चिखलात भेटला.

भरती चढली की दार मिटतं,
ओहोटीला उघडतं.
"रात्री कोण उघडतं?" मी उगोला विचारलं.
तो जाळ्यातून खेकडा सोडवत होता.
"कोण ना, बाय. उदकूच उगडटा, उदकूच धांपता."
मग तू कशाला?
"शेंवाळ खरवडूंक."

दर वर्षी गांवकरीच्या कचेरीत पावणी होते.
दारातून जाणाऱ्या मासळीवर बोली लागते,
आणि वर्षभर लोक विचारतात, यंदा मानस कुणाची?
वळवईकरांची.
पाण्याला यातलं काही कळवत नाहीत.

माझीही पावणी लागते, रोज पहाटे.
पदेराचा भोंगा वाजतो,
आणि एवढासा वेळ असा असतो
की ऐकणं आलेलं असतं,
ऐकणारी अजून आलेली नसते.
मग कुणीतरी घाईघाईने हात वर करतं,
सगळ्यात चढी बोली लावतं:
मी.
दिवसभर मग हप्ते फेडायचे.

चवथीच्या आधी अच्युत गेला.
मावशी अजून विचारते, आता कुठे असेल गं तो?
विझलेला दिवा कुठल्या दिशेला जातो
यावर मी आठ गुणांचा प्रश्न काढत असे.
मुलं छान लिहायची. मीही गुण द्यायची.
मावशीला मात्र मी चहा करून दिला.

रात्री ओहोटी लागली. दार कुरकुरलं, सरकलं.
खाजनातलं पाणी मांडवीत शिरलं
आणि त्यातलं कुठलं खाजनाचं
ते दहा पावलांवर सांगता येईना.
उगोने कंदील मालवला; मासळी पुरेशी झाली होती.
काळोखातही दार उघडंच होतं.
मोकळं नक्की काय झालं,
पाणी, दार, की वळवईकरांची बोली,
हे विचारायला मी तोंड उघडलं, आणि राहू दिलं.

शेवटची फेरी चुकली.
धक्क्यावर बसून राहिले.
डास चावला.
खाज आली.
मी जराशी उशिरा आले.