एक स्क्रू ढिला

तिसऱ्या मजल्यावर, न्हाणीघराच्या जमिनीखाली
बुरशीने तुळया खाल्ल्या होत्या.
टॅमने पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत गेला आत,
लोण्यात जावा तसा.
"सहा आठवडे," तो म्हणाला. "बाईंना हलवा."

बाई म्हणजे युफेमिया गॅलब्रेथ,
वय एक्याऐंशी, जन्मापासून आंधळ्या,
माझ्या बाबांच्या वेळच्या भाडेकरू.

वकिलाने तीन ओळींत कळवलं:
तेवढ्या दिवसांचं भाडं घेऊ नका.
हॉटेलचं बिल तुमचं.
सामान होतं तसं परत लावून द्या.
तिसरी ओळ मी दोनदा वाचली.
होतं तसं.

मग सुतळी आणली. दारापासून खुर्ची, एक गाठ.
खुर्चीपासून ओटा, दुसरी.
चहाचा डबा वरच्या कप्प्यात, डावीकडे,
पोचा आलेली बाजू भिंतीला.

हॉटेलात पहिल्याच रात्री त्या सवयीने
सात पावलं चालल्या न्हाणीघराकडे
आणि भिंतीवर आपटल्या.
सकाळी कपाळावर टेंगूळ. मला म्हणाल्या,
"भिंतीला बोलू नकोस. ती तिथेच राहते."

सहाचे नऊ झाले. ग्लासगोचा फेब्रुवारी,
प्लास्टर वाळता वाळेना.

परतल्या. काठी दाराशी टेकवली.
अकरा पावलं, ओटा. हात वर, डबा.
मी श्वास सोडला.
त्या मात्र मागे फिरल्या, पॅसेजमध्ये थांबल्या,
टाचेने जमीन दाबत, इथे, मग इथे.
"ती कुठे गेली?"
"कोण?"
"करकरणारी. दारातून आत चौथी फळी.
पोस्टमन आला की एकदा वाजायची.
तुझे बाबा आले की दोनदा, लंगडत ना ते.
चोर आला असता तरी कळलं असतं मला."

तिथे बुरशी नव्हतीच.
आम्ही ती जाता जाता कसून टाकली होती,
वर पैसेही न लावता.

वकिलाला काय विचारणार?
टॅमला विचारलं. तो बघत राहिला,
"स्क्रू फळीचा ढिला करू, की तुझाच आहे?"
पण बसला गुडघ्यावर. अर्धा आटा.
मी पाय दिला. खुर्चीत बाईंची मान कलती.
"खालचा लागला. जुनी चिरकी होती."
अजून पाव.
"हं."

एक तारखेपासून भाडं सुरू झालं.
परवा पावती द्यायला गेलो, हाक मारायच्या आधीच
आतून आवाज:
"दोनदा वाजली.
गुडघा दाखवून घे कुणाला तरी."