पाठ

बेनशीत हिवाळ्यात रडू नये,
आसवं गालावर गोठतात, मग लोकांना दिसतात.
हा बाबांचा पहिला पाठ.
दुसरा : ग्लास समोर आला की तळ दाखवायचा.
तिसरा त्यांनी तोंडाने दिला नाही.

पोलादाचा कारखाना बंद झाला तेव्हा मी सहा वर्षांचा.
अकरा वर्षं ते भट्टीपुढे उभे होते,
नंतर या हमामखान्यात,
कमरेला पंचा, हातात खरखरीत पिवळा मोजा,
परक्या पुरुषांच्या पाठी घासत.
एका पाठीचे वीस युआन. मीठ लावून पंचवीस.
इथे कपड्यांबरोबर हुद्दाही खुंटीला टांगायचा;
फौजदार, कसाई, बँकेचा साहेब,
सगळे सोललेल्या अंड्यासारखे.
तरी कोण कुणाला आधी सिगारेट देतो
त्यावरून कळतंच.

मी छंगदूहून आलोय, चार दिवसांच्या सुट्टीवर.
बालवाडीत शिकवतो. एकवीस मुलं,
आठ बायका आणि मी.
मला वेण्या घालता येतात, तीन पेडांची, पाच पेडांचीही.
बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "शिक्षण खात्यात आहे."
खातं मोठं आहे, सगळं मावतं.

"झोप," ते म्हणाले.
रेक्झिनचं बाकडं, वर पातळ प्लास्टिक,
दर गिऱ्हाइकाला नवं.
किती वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता,
मारायलासुद्धा.
मळाच्या करड्या वळ्या निघू लागल्या.
"छंगदूत पाणी नाही का?"
"आहे."
"मुलीच्या आईचं काय म्हणणं?"
"फ्लॅट. आणि रोख एक लाख ऐंशी हजार."
ते बोलले नाहीत.
जोरात घासलं. आणखी जोरात.
मी पालथा पडून हिशेब केला :
नऊ हजार पाठी.

"आता तुम्ही झोपा," मी म्हणालो.
शेजारच्या बाकड्यावरचा म्हातारा लुआन हसला,
"मिआओ, पोरगा पैसे मागेल हं!"
ते झोपले, जसं दुसऱ्याच्या घरी झोपावं तसे, अंग चोरून.
उजव्या खवाट्यावर तो डाग,
तळहाताएवढा, गुळगुळीत.
चौथीच्या निबंधात मी तो लिहिला होता :
वितळलेलं पोलाद, सोबत्याला ढकलणारे बाबा, एक ठिणगी.
बाईंनी वर्गापुढे वाचून दाखवला.

"बरा झाला रे तो," लुआन म्हणाला.
"कढई उलटली तेव्हा वाटलं, हा जातो."
"कसली कढई?"
"पुलाखाली तळणीचा गाडा लावायचा ना पहाटे.
तोंडाला मफलर, कुणी ओळखू नये म्हणून.
एकदा जुना मुकादमच आला गिऱ्हाईक होऊन.
याने पाठ फिरवली, आणि फिरवताना..."

माझ्या हाताखाली ती पाठ फळीसारखी झाली.
नळ कुठेतरी गळत होता.
"मीठ त्या डब्यात आहे," बाबा म्हणाले, जमिनीकडे बघत.

मी डाग सोडून सगळीकडे लावलं.
मुलांच्या बोटांवरचा रंग काढतो तसं
सावकाश, गोल गोल.
"पीठ मळतोयस का? जोर लाव."
मी जोर लावला नाही.
त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.
मग मान, इतका वेळ अधांतरी धरलेली,
त्यांनी बाकड्यावर टेकवली.

बाहेर उणे एकोणीस.
माझे ओले केस काड्यांसारखे ताठ.
त्यांनी आपली टोपी माझ्या डोक्यावर दाबली, जरा जास्तच,
आणि चार पावलं पुढे चालू लागले,
नेहमीसारखे.
पुलाखाली आल्यावर, मागे न बघता :
"ती पाच पेडांची... सुरुवात कुठून करतात?"