कॅरिअरवरून

विमानतळावर न्यायला जीप येणार होती.
आला काझिमिरू, सायकल घेऊन.
कॅरिअरवर उशी, उशीला फुलाफुलांचा अभ्रा,
आणि पुठ्ठ्यावर माझं नाव: एमांगी.
यांच्या भाषेत 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत.
यानं तर लिहिलाही नव्हता.
जीपचं काय झालं, ते त्यानं
दोन्ही हातांनी करून दाखवलं. क्लच असावा.

अशी मी केलिमानमध्ये शिरले, एका अंगानं,
पाय डावीकडे सोडून, बावन्नाव्या वर्षी,
काझिमिरूच्या घामेजल्या पाठीला नाक लावून.
माझी बॅग पुढच्या सायकलवर, दोरीनं बांधलेली.
माझ्याआधी तिनंच सगळं पाहिलं.

छपरांवर दगड, टायर,
एका छपरावर अख्खा फ्रिज.
पत्रा पुन्हा उडू नये म्हणून.
आणि माड. शेंडा नसलेले,
रस्त्याकडेनं नुसते खांब.
वादळानं? मी बोट दाखवलं.
नाही, म्हणाला, हे आधीचं. रोग.
आधीचं पुष्कळ असतं.
आमच्या अहवालात ते धरलेलं नव्हतं.

एक पोर धावत आलं, 'मोन्ये! मोन्ये!'
काझिमिरू हसला, मग ओशाळला,
मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
मोन्ये म्हणजे तुमच्यातले दुकानदार.
पोर विचारतंय, तांदूळ काय भावानं.
मला वाटलं होतं, 'मदत' हा शब्द
माझ्या कपाळावर दिसत असेल.
तिथं लिहिलेलं होतं: उधार बंद.

इसिदुआच्या वस्तीत विहिरीपाशी
पिवळ्या कॅनची रांग. बायका कॅनवर बसलेल्या.
मी क्लोरीनचा डबा उघडला मात्र,
दोना फेलिझ्मिनानं आपली बादली
कंबरेच्या कापडाखाली ओढली,
रडणारं पोर झाकावं तशी.

क्लोरु, मी म्हटलं.
कॉलेरा, ती म्हणाली.
क्लोरु, मी पुन्हा, सावकाश.
तेच तर, ती म्हणाली.
मग काझिमिरूनं तिचं बोलणं सांगितलं, खाली बघत:
आधी तुम्ही येता, पांढऱ्या गाड्यांतून.
मग ती येते.
दर वेळी याच क्रमानं.

प्रशिक्षणात याला उत्तर होतं, चार मुद्दे, चित्रांसह.
पण मला आठवला मरीआईचा गाडा.
आजोळी पटकी आली की रात्री निघायचा,
लिंबं, हिरव्या बांगड्या, एक कोंबडी,
ढकलत ढकलत वेशीबाहेर, पुढच्या गावच्या हद्दीत.
ते गाव त्याच्या पुढच्याच्या.
आईनं सांगितलं होतं सगळं, एवढंच सोडून
की शेवटचं गाव कुठलं.

आता मीच उभी त्या बाईच्या हद्दीत,
सायकलवरून ढकलत आणलेली.
लिंबं नाहीत, बांगड्या नाहीत.
पंचेचाळीस किलो पावडर.

आधी तू पी, ती म्हणाली.
हे दुभाष्याशिवाय कळलं.
पत्र्याचा मग, काठोकाठ.
मी प्यायले. रांग बघत होती.
शाळेतल्या टाकीचा वास.
कोणीतरी आणखी एक मग भरला.
तोही प्यायले.
त्यांनी पाणी नेलं नाही. कॅन तिथंच ठेवले, रांगेत,
नंबर लावून, आणि घरी गेल्या.
उद्या ये, ती म्हणाली. आलीस तर बघू.

परतताना ओहोटी लागलेली.
चिखलात होड्या कुशीवर,
लाल पायांचे खेकडे, आणि जुनं चर्च
खिडक्यांतून झाडं बाहेर आलेलं.
नदीचं नाव काझिमिरूनं सांगितलं:
शुभशकुनांची नदी.
कुणी ठेवलं? कुणी खलाशी होता, फार पूर्वी.
काय दिसलं म्हणे त्याला?
पुढे चढ होता, त्यानं उत्तर दिलं नाही.

रात्री गेस्टहाउसमध्ये वीज नव्हती.
मच्छरदाणीत पडून
मी पोटावर हात ठेवला.
मोजून टाकली होती पावडर. मला माहीत आहे मात्रा.
एकवीस वर्षं हेच करते आहे.
साडेबाराला एकदा गुरगुरलं.
उठून बसले.
बाहेर कुणाची तरी सायकल गेली, घंटा न वाजवता,
आणि मी ऐकत राहिले, आत.