सात नंबरचं दुसरं पातं

जामसंड्याच्या सड्यावर तिवई रुतत नाही,
खाली कातळ. म्हणून तिच्या पोटाला
जांभ्याचा अर्धा चिरा टांगतो सुतळीनं
आणि खाऱ्या वाऱ्याची वाट बघतो.
मतलई पडली. अकराच्या सुमारास
सात नंबरची पवनचक्की जांभई दिल्यागत हलली.

आता तिला थांबवत नाहीत.
थांबलेल्या तासाचेही पैसे जातात,
इसाक सांगतो, लॅपटॉपवर टॉवेलची सावली धरून.
वय तेवीस. तो कधी लोंबकळला नाही.

मी लोंबकळायचो.
कमरेला दोर, खाली पिवळं गवत,
हातात रुपयाचं नाणं,
पात्यावर टकटक करत उतरायचो.
टण् वाजलं तर बरं,
बद्द वाजलं तर आत पोकळी.
कलिंगड घेताना अजून तसंच वाजवतो,
बायको दुकानदाराची माफी मागते.

आता नुसता क्लिक,
सेकंदाचा चार हजारावा तुकडा.
डोळ्याला वर पांढरं, पुसट चाक.
पडद्यावर एकच पातं,
हवेत वाळत घातलेलं.

शेळ्या घेऊन घाड्यांची भागीरथी थांबते.
"फिरता तेचो फोटो? आणि हलूक नाय?"
"ते गेलं वयनी कधीच. हे मघाचं."
"मगे बस मघाचा बघीत," म्हणते,
आणि शेळीला नावानं शिवी घालते.

"काका, हे बघा."
टोकापासून साडेचार मीटर.
कड मिठानं, पावसानं कुरतडलेली,
आणि एक केस.
इसाक मोठं करतो,
केसाचा करवंदीचा काटा होतो.
त्याच्या अंगावरच निळी, विटलेली अक्षरं:
*ठीक. १४ फेब्रु.*
खाली सही, शेपटी लांब सोडलेली.
भेग वेलांटीतून आरपार गेलीय.

"कुणाची हो?"
मी वर बघतो. वर कुणी नाही, चाक आहे.
माझी सही मिनिटाला अठरा वेळा
कलमांच्या शेंड्यांपर्यंत उतरते
आणि न थांबता आभाळात जाते,
इतकी वर्षं,
मला वाटत होतं मी घरी आलोय.

शेऱ्याच्या रकान्यात लिहितो: थांबवा.
इसाक माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघतो,
मग दोराच्या पेटीकडे.
खिशात रुपया आहे का रे,
मी विचारतो.