मापाला

फोटोच्या पाठीवर बोरूने लिहिलंय:
गुलखैरा. उंची सात फूट. सातारा कँप, १९११.

मुलीबद्दल काही नाही.
तिला मापाला उभं केलं होतं,
कापडाला गज लावावा तसं.

मागे अजिंक्यतारा,
पुसायला घेऊन अर्ध्यात सोडल्यासारखा.
पुढे विटांची तिरपी किनार, तोटी गेलेली झारी.
परकर धुतलेला, पाय मात्र
सकाळच्या पाटाच्या चिखलात पोटरीपर्यंत.

साहेब काही म्हणाला असेल.
बापाने मराठीत सांगितलं असेल,
गोजरे, दगड हो.
झाली.
उजवा हात तेवढा झाला नाही,
मनगटापुढे नुसता धूर.
माशी असेल. खाज असेल. किंवा
बापाकडे जायला निघालेलं काही.

गुलखैरा त्याच उन्हाळ्यात वाळला असणार,
त्याचं आयुष्यच तेवढं.
गोजराआत्या त्र्याऐंशी वर्षं जगली,
करंज्यात खंडाने मळा केला,
दोन नवऱ्यांना पोचवलं,
फोटो कधी पाहिला नाही.

ज्वारी कुठवर आलीय, विचारलं
की फूट-बीट सांगायची नाही.
ताठ उभी राहायची बांधावर,
हात डोक्याच्या वर धरायची:
एवढी. माझ्याहून एवढी.